अकरा जणांचा अबोला

बायको अबोला धरते, सासू धरते, फार तर शेजारीण धरते. पण नव्वद-नव्वद किलोचे अकरा गडी एका माणसाशी एकदम अबोला धरून बसलेत, असं कधी कुणी ऐकलंय का? जावईबापूंच्या नशिबी तेही आलं. आणि कधी, तर मॅच तोंडावर आलेली असताना!

जावईबापू म्हणजे घरसामान हलवणाऱ्या कंपनीच्या मालकांचे थोरले जावई. कंपनीत त्यांचं काम काय, हे कुणाला नेमकं सांगता आलं नसतं, त्यांनाही नाही. एक टेबल होतं, टेबलावर पंखा होता आणि पंख्यासमोर जावईबापू होते. मात्र कंपनीच्या फुटबॉल टीमचे मॅनेजर तेच होते, आणि हे काम त्यांनी स्वतः मागून घेतलं होतं. सासऱ्यांनी दिलेल्या घरात राहून सासऱ्यांनी दिलेल्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाला आपलं म्हणावं असं काहीतरी लागतं हो. जावईबापूंना ही टीम होती. टीमवर त्यांचा फार जीव होता, फक्त तो जीव ओरडण्यातून बाहेर पडायचा.

भांडण झालं ते सरावात. सामान हलवणारी माणसं गप्प राहून काम करूच शकत नाहीत. "सरक, सरक, बस! कोपरा सांभाळ! आलं आलं, घे!" असा त्यांचा दिवसभर कालवा, आणि मैदानातही तोच. एक बोलला की दुसरा बोलणार, दुसरा बोलला की तिसरा आपलं घोडं दामटणार. जावईबापूंना वाटायचं, ही टीम आहे की बाजार? शेवटी त्यांचं डोकं फिरलं. त्यांनी शिट्टी फुंकली आणि फर्मान काढलं, "आजपासून मैदानात एकच तोंड चालेल. माझं! तुम्ही तोंड चालवायचं नाही, डोकं तर अजिबात चालवायचं नाही. फक्त पाय चालवा!"

कॅप्टनला सगळे 'कपाट' म्हणायचे. तो पाठीवर कपाट एकटा न्यायचा आणि दिसायचाही तसाच. त्यानं हातातला बॉल काचेचा असावा तसा अलगद खाली ठेवला आणि चालू लागला. मागोमाग बाकीचे दहा. तेव्हापासून जावईबापूंशी कुणी अवाक्षर बोललं नाही.

बोलायची वेळ आलीच तर निरोप यायचा. जावईबापूंची बायको ऑफिसात फोन घ्यायची, आणि सगळ्या गड्यांची ती ताई होती. जावईबापूंनी विचारावं, "काय रे, बांधायचे पट्टे मिळाले का?" की समोरचा गडी मान वळवून म्हणणार, "ताई, तुमच्या ह्यांना सांगा, मिळाले."

"अहो, मिळाले म्हणतोय," ताई फोनवरून नजर न हलवता म्हणायची.

"ऐकलं मी! बहिरा नाहीये!"

"मग मला कशाला त्रास देताय दोघंही?"

इकडे घरी वेगळीच तऱ्हा. सगळे जेवायला बसलेले असताना सासऱ्यांनी जाहीर केलं, "सलग पाच मॅच हरलो आपण. रविवारी हरलात, तर टीम धाकट्या जावईबापूंकडे."

धाकटे जावईबापू, म्हणजे आपल्या जावईबापूंचे साडू, शेजारीच बसले होते. त्यांनी तोंड पुसलं आणि म्हणाले, "माझ्या डोक्यात बऱ्याच कल्पना आहेत. सगळ्यांना पांढरे बूट. आणि प्रत्येक मॅचआधी फोटो. मी मधे."

जावईबापू अर्ध्या जेवणावरून उठले.

"जाऊन माफी मागा आणि विषय संपवा," बायको नंतर खोलीत म्हणाली.

"मी? माफी? मॅनेजर आहे मी!"

"रविवारपर्यंत," बायको म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

माफी नको, पण गोडीगुलाबीनं घ्यावं, असं जावईबापूंनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी ते ट्रकबरोबर कामावर गेले. गड्यांनी एकमेकांकडे बघितलं. कुणी हो म्हणालं नाही, नाही म्हणालं नाही. म्हणणार कसं, अबोला होता. एका दाताच्या डॉक्टरीणबाईंचं घर हलवायचं होतं, तिसरा मजला, जिना अरुंद. सोफा एवढा दांडगा, की घर त्याच्याभोवती बांधलं असावं. खालचं टोक कपाटानं खांद्यावर घेतलं. वरचं जावईबापूंनी धरलं.

आता या धंद्यात एक रीत आहे. जिन्यात जो खाली असतो त्यानं बोलायचं, वर असतो त्यानं ऐकायचं. खालच्याच्या अंगावर सगळं वजन असतं. हात सुटला तर जायचा तो त्याचा जीव. वरच्याला काय, दिसतं भरपूर आणि पेलावं लागतं थोडं, म्हणून त्याची जीभ फार वळवळते. ती त्यानं आवरायची. कंपनीतल्या नव्या पोऱ्यालाही हे पहिल्या तासाला सांगतात. जावईबापूंना कोण सांगणार? ते मालकांचे जावई!

पहिल्या वळणावर जावईबापू सुरू झाले. "डावीकडे! डावीकडे रे! तुझ्या नाही, माझ्या! आता तिरका! अरे, तिरका म्हणजे तिरका!"

सोफा तिरका झाला आणि भिंत आणि कठडा यांच्यामध्ये असा काही फसला, की वर जाईना, खाली येईना. आता कपाट दोन शब्द बोलला असता तर मोकळं झालं असतं. पण अबोला! कपाटाच्या कपाळावर घाम, मानेवर सोफा, आणि ओठ घट्ट मिटलेले. शेवटी त्यानं मागच्या गड्याला खूण केली. गड्यानं खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि कपाटाच्या कानाशी धरला.

"ताई," कपाट धापा टाकत म्हणाला, "तुमच्या ह्यांना सांगा, त्यांचं टोक वीतभर वर घ्या."

फोनचा आवाज मोठा केलेला होता. सगळ्या जिन्यात ताईंचा आवाज घुमला. "अहो, तुमचं टोक वीतभर वर घ्या!"

"घेतो! पण त्याला सांग, तिकडून ढकलू नकोस!"

"दादा, ढकलू नकोस म्हणतायत."

"ताई, त्यांना सांगा, वरच्यानं बोलायचं नसतं."

"अहो, वरच्यानं..." ताई मधेच थांबली. तिचाही संयम सुटला. "मूर्ख आहात का रे तुम्ही सगळे? माझ्याकडे तीन फोन खोळंबलेत!"

डॉक्टरीणबाई वरून डोकावून म्हणाल्या, "तोंड उघडायला लोकांना सांगणं हे माझं रोजचं काम आहे. पण तुमच्यापुढे हात टेकले!"

सोफा निघाला. अबोला काही सुटला नाही.

रविवारी मॅच होती खिडक्यांच्या काचा बनवणाऱ्या कारखान्याशी. मालक आणि साडू घडीच्या खुर्च्यांवर बसले होते, मागे जावईबापूंची बायको उभी होती. साडूंनी पांढरे बूट घालूनच यावं, यावरून काय ते समजा.

मॅच सुरू झाली आणि जावईबापूंच्या लक्षात आलं, की आपलं फर्मान गडी तंतोतंत पाळतायत. तोंड बंद, डोकं बंद. ते "पास दे" म्हणाले की पास. काही म्हणाले नाहीत, तर बॉल पायाशी घेऊन गडी खांबासारखा उभा. दोन मिनिटांत जावईबापूंचा घसा बसायला आला. "पुढे!" ते वैतागून किंचाळले. "पुढे जा ना सगळे!"

सगळे पुढे गेले. गोलकीपरसुद्धा.

काचवाल्यांनी मोकळ्या गोलात बॉल निवांत चालत नेऊन टाकला. गोलकीपर परत धावत आला तो घसरून खांबावर आदळला आणि घोटा धरून बसला. बदली खेळाडू दोन होते. पण मालकांनी रविवारचं भाडं सोडवत नाही म्हणून दोघांना सकाळीच एका बाईंचा फ्रीज हलवायला पाठवलं होतं.

"आता?" रेफरीनं विचारलं.

अकराजणांनी जावईबापूंकडे बघितलं. बोललं अर्थातच कुणी नाही.

जावईबापूंनी कोट काढला. इस्त्रीची पँट, ऑफिसचे बूट आणि गोलकीपरचे ओले हातमोजे, अशा थाटात ते गोलात जाऊन उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा ते रेषेच्या आत होते. आणि आतून बघितलं तर काय! बाहेरून सगळं कसं स्वच्छ दिसायचं. इथून दिसत होत्या नुसत्या पाठी, धावणारे पाय, आणि त्यातून अंगावर येणारा बॉल. पहिला फटका त्यांनी बघितलाच नाही. तो कानाजवळून खांबाला लागून गेला, तेव्हा कळलं.

"अरे, बोला रे कुणीतरी!" जावईबापू फाटक्या आवाजात ओरडले. "मला काही दिसत नाहीये! मला काही कळत नाहीये! माझं चुकलं, बस्स? चुकलं माझं! पण बोला!"

मैदानात क्षणभर सगळं थांबलं. काचवालेसुद्धा थांबले.

"डावीकडे सरका," कपाट म्हणाला. "अजून. बस. हात वर."

आणि मग जो कालवा सुटला म्हणता! आठवडाभराचं तुंबलेलं. "आला, आला! घे! सोड! कोपऱ्यात बघ!" जावईबापूंनी मागून नुसतं "वाचवा!" म्हणायचा अवकाश, चार गडी परत धावत यायचे. आता वजन त्यांच्या अंगावर होतं ना! त्यांचा प्रत्येक शब्द झेलला जात होता. शब्द म्हणजे काय, "आई गं" आणि "न्या त्याला इथून", एवढेच दोन होते. पण तेवढ्यावर कपाटानं बॉल पार पलीकडे नेला आणि बरोबरी केली.

जावईबापूंनी एक फटका पोटानं अडवला, एक पाठीनं, आणि एक तोंडानं, तो काही मुद्दाम नाही. पण शेवटी शेवटी बॉल आला तो जमिनीलगत, सरळ त्यांच्या दोन पायांमधून गेला. रेफरीची शिट्टी वाजली. हरले.

जावईबापू चिखलात पालथे पडून राहिले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते त्यांनी येऊ दिलं. गेली टीम.

मालक आले. "ठरलं ते ठरलं," ते म्हणाले आणि शिट्टी साडूंच्या हातात दिली. साडूंनी ती रुमालानं पुसून घेतली.

"द्या ना," कपाट म्हणाला. "मॅनेजर कोण ठेवायचा, हा तुमचा प्रश्न, मालक. पण गोलात हाच राहणार."

"अहो, पण तुमचा गोलकीपर आहे की!" मालक म्हणाले.

"मला नकोय ती जागा," गोलकीपर लंगडत येत म्हणाला. "एकटं वाटतं तिथे."

"आमचे जावई आहेत ते!" मालकांचा आवाज चढला. "त्यांना हे असं..."

"गोलात कुणी जावई नसतो," कपाट म्हणाला. मग त्यानं खाली वाकून चिखलातल्या माणसाच्या खांद्यावर थाप मारली. "ऊठ रे. ते बूट फेकून दे आधी. मंगळवारी सरावाला वेळेवर यायचं."

जावईबापू उठून बसले. ओठ सुजला होता, पँट गुडघ्यावर फाटली होती. बायको धावत आली.

"अहो, हरलात ना?"

"हो गं."

"टीम गेली ना?"

"गेली."

"मग वेड्यासारखे हसताय काय?"

"अगं," जावईबापू म्हणाले, आणि त्यांना पुन्हा भरून आलं, "त्यांनी मला ठेवून घेतलं."

मालकांच्या गाडीचं दार त्यांच्यासाठी उघडं होतं. पण पलीकडे ट्रक सुरू झाला होता, आणि मागच्या फळीवरून दहाजण एकदम ओरडत होते, की चल की लवकर, किती वेळ थांबायचं तुझ्यासाठी. जावईबापू पँट सावरत धावले, आणि कुणीतरी दंडाला धरून त्यांना वर ओढून घेतलं.