कोचुरी न पाहिलेला पाटा

मित्रांनो, मला उचलायचे तर दोन माणसे लागतात, आणि ‘पाय सांभाळा’ म्हणून ओरडायला तिसरे. मी काळ्या दगडाचा पाटा आहे. वर टोकदार, खाली सरळ, लहान मुले पाटीवर घर काढतात ना, तसा माझा आकार. उत्तर कोलकात्यात गंगेच्या घाटाकडे उतरणाऱ्या एका गल्लीत कुंडूंचे नाश्त्याचे दुकान आहे. त्याच्या मागच्या खोलीत, नळाशेजारी, मी साठ वर्षे राहतो आहे.

या साठ वर्षांत मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. आमची ही बंगाली कचोरी, कोचुरी, दिसते कशी?

तुम्ही हसाल. ज्याच्या अंगावर रोज पहाटे कोचुरीचे सारण वाटले जाते, त्याने कोचुरी पाहिली नाही? खरेच पाहिली नव्हती. कढई पुढे, रस्त्याच्या तोंडाशी. मी मागे. मधे भिंत. भिजवलेली उडदाची डाळ, आले, बडीशेप आणि हिंग माझ्यावर वाटून झाले की परात पुढे जाई आणि मग मला नुसते ऐकू येई. आधी चुर्र आवाज. मग एक क्षण शांतता. मग कोणीतरी म्हणे, ‘वा, काय फुगलीय बघ!’ मी विचारात पडत असे. माझ्यावरून गेलेली डाळ तर जड आणि ओली. ती फुगेल कशी? हलकी कशी होईल? शेजारच्या वरवंट्याला विचारून उपयोग नव्हता. तो कामापुरताच हलतो.

मी मूळचा डोंगरातला. तिथले मला काही आठवत नाही, कारण तेव्हा मला डोळा नव्हता. दुकान सुरू करणाऱ्या क्षेत्रमोहन कुंडूंनी मला विकत आणले आणि टाकी लावणाऱ्याला बोलावले. त्याने छिन्नी-हातोडीने माझ्या अंगभर बारीक खड्डे पाडले आणि माथ्यावर एक मासा कोरला. आमच्याकडे पाट्यावर मासा असतोच. शेवटचा ठोका त्याने माशाच्या डोळ्यावर मारला आणि मला दिसू लागले. पहिली दिसली ती शैलबाला, क्षेत्रमोहनबाबूंची नवी सून. डोक्यावरचा पदर सावरत ती सासऱ्यांना विचारत होती, “बाबा, हा मासा माझ्याकडेच का बघतोय?”

“तू डाळ नीट वाटतेस का ते बघायला,” क्षेत्रमोहनबाबू म्हणाले.

ती नीट वाटत असे. तिच्या बांगड्यांच्या आवाजावरून गल्लीला कळे की पाच वाजले. मग घाटावर आंघोळ करून आलेली माणसे बाकांवर बसत. साल वृक्षाच्या पानांच्या द्रोणात कोचुरी, वर सालीसकट बटाट्याची पातळ भाजी, शेवटी गरम जिलबी. ट्राम चालवणारे फटिकबाबू कामावर जाण्याआधी रोज येत. त्यांचा आवाज भिंतीतूनही येई. “बटाटा घाल रे जरा! नुसता रस्सा गंगेतही मिळतो.”

वर्षातून एक दिवस मला सुट्टी. सरस्वतीपूजेच्या दुसऱ्या दिवशी शीतलषष्ठी असते. त्या दिवशी चूल पेटत नाही, घरातले सगळे आदल्या दिवशी शिजवलेले थंड अन्न खातात आणि दुकान बंद असते. शैलबाला मला आंघोळ घाली, हळद माखी, दही वाही, वरवंट्याला माझ्या कुशीत निजवून वर पिवळे फडके पांघरी. त्या एका दिवसापुरता मी पाटा नसतो, मुलांचे रक्षण करणारी षष्ठीआई असतो. इतर दिवशी मला कोणी आई म्हटलेले नाही, म्हणून तो दिवस माझ्या फार लक्षात राहतो.

आणि वर्षातून दोनदा इद्रिसमियाँ येत. “पाट्याला टाकी लावून घ्याऽऽ!” अशी हाक गल्लीच्या तोंडाशी आली की शैलबाला धावत दार उघडी. नाकाला फडके बांधून मियाँ माझ्यावर टकटक करत बसत. दुखते का? दुखते, खोटे कशाला सांगू? पण त्यानंतर डाळ माझ्यावरून घसरत नाही. दोन हात फिरले की हवी तशी रवाळ होते.

असेच चालले असते. पण शैलबालाचे मनगट सुजू लागले, मग गुडघे. ती वरच्या खोलीत खाटेला लागली. तिचा मुलगा निताई कढईवर बसत होता, त्याची बायको सरमा माझ्याकडे आली. सरमा कष्टाळू आणि देवभोळी. पहिल्याच दिवशी मला नमस्कार करून मग वरवंटा उचलला तिने.

दोन वर्षांनी तिला दिवस गेले. सातव्या महिन्यात इद्रिसमियाँची हाक आली. सरमा दारातच उभी राहिली.

“नको मियाँ. पोटात मूल असताना षष्ठीच्या अंगावर लोखंड मारू नये.”

“बरं पोरी. बाळ होऊ दे, मग येतो,” मियाँ म्हणाले.

मुलगी झाली, तितिर. मियाँ पुन्हा आले तेव्हा तितिरला ताप होता. सरमाने पुन्हा नको म्हटले. त्यानंतर ती हाक आमच्या गल्लीत आली नाही. निताईला वाटे, हे बायकांकडचे काम, होत असेल. वर शैलबालाला वाटे, मियाँ येऊन जात असतील. आणि मी? मला बोलता येत नाही.

पाच वर्षे गेली. मी गुळगुळीत झालो. रोज घासून घासून माशाचा डोळाही बुजत आला आणि मला सगळे धुक्यातल्यासारखे दिसू लागले. डाळ माझ्यावरून पळू लागली. सरमा पाणी घालून पुन्हा पुन्हा वाटत राही, तरी काही दाणे अख्खे राहत आणि बाकीची डाळ चिकट होई. अख्खा दाणा लाटताना पारीला भोक पाडी, त्यातून तेल आत शिरे. मला हे सगळे कढईच्या आवाजावरून कळले. चुर्र व्हायचे, पण मग ती शांतता यायची नाही. फसफस व्हायचे.

“अरे निताई,” एके सकाळी फटिकबाबू म्हणाले, “ही कोचुरी आहे की भिजलेलं पोस्टकार्ड?”

निताईने मैदा बदलला. तेल बदलले. हिंग बदलला, हिंगवाल्याशी भांडून आला. मिक्सर आणला, तर त्यात डाळीची पेज झाली. बाक रिकामे पडू लागले. एक दिवस कोणीतरी बाकावरून बोलून गेले, “सासूच्या हाताची चव सुनेच्या हाताला कुठून येणार?”

माझ्यावरचा वरवंटा थांबला. मग आधीपेक्षा जोराने फिरू लागला.

त्याच आठवड्यात निताई मागे येऊन उभा राहिला. “बैशाख लागला की दुकान चाऊमीनवाल्याला देतोय. बोलणं झालंय.”

“माझ्या हातामुळे?” सरमाने विचारले.

“मी असं म्हटलं का?”

“न म्हणताच म्हणालात.”

चाऊमीनवाला जागा बघायला आला. मला पायाने चाचपून म्हणाला, “हा धोंडा पालथा घालू नळाखाली. बादली ठेवायला बरा.” पालथा! म्हणजे माशाचे तोंड जमिनीकडे. मग कोचुरी कशी दिसते हे मला कधीच कळणार नव्हते.

षष्ठी आली. वरून शैलबालाचा निरोप आला, “दुकानातली शेवटची षष्ठी आहे. मला खाली न्या.” निताई आणि फटिकबाबूंनी तिला खुर्चीसकट उतरवले. “हळू रे, मी ट्राम नाही,” ती फटिकबाबूंना म्हणाली. सरमाने हळदीची वाटी तिच्या हातात दिली. सात वर्षांनी तिचा तळहात माझ्यावर आला आणि सर्रकन खाली घसरला.

ती थांबली. पुन्हा हात फिरवला.

“सरमा, हा कोणता पाटा?”

“आपलाच, आई.”

“आपला असा नव्हता. याच्यावर माशी बसली तर पाय घसरून पडेल! इद्रिस कधी आला होता?”

सरमाने सगळे सांगितले. सातवा महिना, तितिरचा ताप, लोखंडाची भीती. “मला वाटलं, मुलीला काही झालं तर?”

निताई तोंड उघडणार तोच शैलबाला म्हणाली, “तू गप्प बस. पाच वर्षं कढईवर बसून तुला तरी कुठे कळलं?” मग तिने हळदीचाच हात सरमाच्या गालावर ठेवला. “अगं, षष्ठी मुलांची आई ना? मुलं उपाशी ठेवून स्वतः गुळगुळीत राहायला कोणत्या आईला आवडेल? तुझ्या पोटात तितिर होती तशी माझ्या पोटात हा निताई होता. तेव्हाही टाकी लागली होती. बघ, कुठे काय झालं? थोडा मठ्ठ निघाला एवढंच.”

फटिकबाबू एवढे हसले की त्यांना ठसका लागला. मग म्हणाले, “इद्रिस बाजाराच्या कोपऱ्यावर सुऱ्यांना धार लावत बसतो. उद्या घेऊन येतो.”

दुसऱ्या दिवशी इद्रिसमियाँ आले. दाढी पार पांढरी. “पोरी, तू बोलावलंच नाहीस. वाट बघता बघता म्हातारा झालो,” ते म्हणाले. पहिल्या ठोक्याला सरमाने तितिरला घट्ट जवळ घेतले. दुसऱ्यालाही. तितिर मात्र सुटून पुढे आली.

“त्याला लागत नाही का?”

“लागतं की,” मियाँ म्हणाले. “तुझे केस विंचरताना तुला लागतं ना, तेवढं.”

सबंध अंगाला टाकी लावून झाली. मियाँनी विचारले, “मासा?”

“पुन्हा कोरा,” सरमा म्हणाली. “डोळ्यासकट कोरा.”

शेवटचा ठोका बसला आणि धुके गेले. समोर सरमा होती. पाच वर्षांत ती किती थकली होती हे मला तेव्हा नीट दिसले.

टाकीनंतर दगडाची कच येते, म्हणून तिने तीनदा मूठमूठ तांदूळ वाटून फेकून दिले. पुढच्या पहाटे डाळ घातली. चार हातांत रवाळ सारण तयार. तिने ते चिमटीत धरले, बोटांनी मोडले आणि परातीत भरले. परात पुढे गेली. चुर्र झाले.

मग शांतता.

भिंतीपलीकडून फटिकबाबूंचा आवाज आला, भरल्या तोंडाचा. “निताई! हात कुणाचा?”

“सरमाचा,” निताई म्हणाला. मग दुकानभर ऐकू जाईल असे पुन्हा म्हणाला, “माझ्या सरमाचा! आणि चाऊमीनवाल्याला आजच सांगतो, दुसरी जागा बघ.”

सरमाने पदराने तोंड पुसले आणि नळ उगाचच जोरात सोडला.

तेवढ्यात तितिर द्रोण घेऊन मागे आली. “माशाने कालपासून काही खाल्लं नाही,” असे म्हणून तिने एक कोचुरी माझ्या माथ्यावर, अगदी डोळ्यासमोर ठेवली.

मित्रांनो, ती गोल होती. सोनेरी होती. आणि तिला वजनच नव्हते! साठ वर्षे वाटलेली ती जड, ओली डाळ यात आहे कुठे, असे मला वाटले. तितिरने बोटाने तिला भोक पाडले. आतून वाफ निघाली आणि त्या वाफेला माझ्याच अंगाचा वास होता. हिंगाचा, बडीशेपेचा, थोडा दगडाचा. मग कळले की फुगवणारी ती वाफ, आणि पारीला भोक पडले नाही तरच ती आत राहते.

तुमच्याही घरी एखादा पाटा कोपऱ्यात उभा असेल. त्याला हळदकुंकू जरूर वाहा, पण एकदा तळहातही फिरवून बघा. गुळगुळीत लागला तर टाकीवाल्याला शोधून आणा. आमच्या दुखण्याची काळजी करू नका. टाकी लावून झाली की वाटायला मात्र काहीतरी द्या, आणि जे होईल ते एकदा आमच्या डोळ्यांसमोर धरा. आम्हालाही बघायचे असते.