जवळची टाचणी

मित्रांनो, मी अमेरिकेचा एक जुना नकाशा आहे. माझ्या घड्या विरल्या आहेत आणि निळा रंग विटून सरोवरे राखाडी दिसू लागली आहेत. तरी माझ्यासमोर उभ्या राहिलेल्या मुलाच्या मनात काय आहे, ते मला अजून कळते. ही बढाई नव्हे. ज्याच्या अंगात इतकी वर्षे टाचण्या रुतल्या, त्याला हात ओळखता येणारच.

शिकागोच्या एका छापखान्यात मला कापडावर चिकटवले आणि आगगाडीने उत्तर मिशिगनमधल्या कोस्किला गावच्या शाळेत पाठवले. आधी मी भूगोलाच्या वर्गात होतो. मुले माझ्यावर खडू मारत आणि राज्यांच्या राजधान्या चुकीच्या सांगत. मग मुलांना पुढच्या शिक्षणाचा सल्ला देणाऱ्या नुर्मी सरांनी मला आपल्या खोलीत नेले, आणि माझ्या आयुष्याला अर्थ आला.

सरांची एक पद्धत होती. वसंत ऋतूत अकरावीतल्या एकेका मुलाला आईबापांसह बोलवायचे. आईबाप बाहेर बाकावर बसत. मूल एकटे आत येई. सर त्याच्या हातात लाल टाचणी देत आणि म्हणत, जिथे शिकायला जावेसे वाटते तिथे टोच, मी कारण विचारणार नाही. नंतर आईबाप येऊन पांढरी टाचणी टोचत. दोन टाचण्यांमध्ये सर सुतळी बांधत आणि बोलणे सुरू होई. सुतळी जितकी लांब, तितके बोलणे लांब.

माझे मोठे कौतुक झाले. शिकून मोठी झालेली माणसे गावी आली की मुद्दाम येऊन आपले भोक बोटाने शोधत. सर गेले, पेल्कोनेन बाई आल्या, त्यांनी पद्धत तीच ठेवली. पण आता मुले खिशातल्या फोनवरच महाविद्यालये पाहतात. माझ्याकडे बघून हसतात. या उन्हाळ्यात मला उतरवून इथे मोठा पडदा बसवायचे ठरले आहे.

एक गोष्ट सांगायला हवी. माझ्या अंगाची चाळणी झाली, पण कोस्किलाच्या आसपास पडली ती भोके सगळी पांढऱ्या टाचण्यांची; लाल तिथे कधी शिरली नाही. मुलांना पळायचे असते आणि आईबापांना धरून ठेवायचे असते, असाच इथला रिवाज.

यंदाच्या एप्रिलमध्ये अकरावीतली कैसा लाहती आली. बर्फ अजून वितळला नव्हता. तिची आई इस्पितळात कामावर होती, म्हणून वडील डेल एकटेच बरोबर आले. डेल सरकारी गाडीने रस्त्यांवरचे बर्फ काढतो. सुट्टीत त्याने पोरीला पूर्वेकडचे एक नामांकित महाविद्यालय दाखवून आणले होते. तिथल्या दुकानातून त्याने त्या महाविद्यालयाच्या नावाची पट्टी विकत घेतली आणि तिथल्या तिथे आपल्या गाडीच्या मागच्या काचेवर चिकटवली. आमच्याकडे ही पट्टी मुलाला प्रवेश मिळाल्यावर लावतात. साहजिकच सगळ्या गावाने अभिनंदन केले. चर्चमध्ये कॉफीबरोबर केक वाटला गेला. डेलने कोणाला नाही म्हटले नाही, आणि कैसाही गप्प राहिली.

त्या महाविद्यालयात एक लवकरचा अर्ज असतो. त्यावर मूल, पालक आणि शाळा अशा तिघांनी सह्या करायच्या, आणि महाविद्यालयाने हो म्हटले की दुसरीकडे बघायचे नाही. डेलला तोच करायचा होता. त्या दुपारी कैसाने होकार दिला असता, तर तिचे दुसरे सगळे रस्ते बंद झाले असते.

ती आत आली. बाईंनी लाल टाचणी दिली आणि त्या खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. कैसाने जराही न अडखळता टाचणी टोचली. मी चमकलो. सरोवराच्या काठी, घरापासून तासाभराच्या वाटेवर एक लहानसे महाविद्यालय आहे, तिथे पाण्याचे आणि माशांचे शास्त्र शिकवतात. माझ्या त्या भागात लाल टाचणी पहिल्यांदाच शिरत होती.

तेवढ्यात बाहेर डेल खोकला.

तिचा हात थांबला. तिने टाचणी उपसली, आणि पूर्वेकडे एका जुन्या भोकात नुसती अडकवली. ते भोक मी कसा विसरेन? डेल अकरावीत असताना त्यानेच ते पाडले होते. त्याच्या वडिलांनी ती टाचणी हिसडून उपटली, सरांच्या तळहातावर ठेवली आणि पोराला लाकडाच्या गिरणीत कामाला नेले. त्या दिवशी सुतळी लागली नव्हती.

डेल आत आला. लाल टाचणी बघून त्याचा चेहरा फुलला. त्याने पांढरी टाचणी तिला खेटून टोचली. आजही सुतळी लागणार नव्हती. बाईंनी सुतळीचे रीळ हातात घेतले आणि तसेच धरून ठेवले. सह्या कधी करायच्या, डेल विचारू लागला. माझा जीव टांगणीला लागला. बोलता येत असते, तर मी ओरडलो असतो.

आणि लाल टाचणी खाली पडली. फाटलेल्या भोकात ती टिकणार कशी? डेलने ती उचलली. परत टोचण्याआधी घरापासूनचे अंतर दाखवायला त्याने कोस्किलावर बोट ठेवले, आणि ते पूर्वेकडे सरकवता सरकवता सरोवराच्या काठी अडले. तिथला कागद ताजा उचकटला होता.

"हे कुणाचं?"



"माझं," कैसा म्हणाली.

"तिथं? अगं, तिथं मी बर्फ काढायला जातो."

"तूच न्यायचास मला गाडीत बसवून. तू रस्ता मोकळा करायचास, मी त्यांच्या टाक्यांतले मासे बघत बसायचे."

"मग तिकडं असताना बोलली का नाहीस?"

"ती पट्टी लावताना तू शीळ घालत होतास, बाबा. त्याआधी मी तुझी शीळ कधी ऐकली नव्हती. कसं सांगणार?"

डेल लालबुंद झाला. "आणि आता गावाला काय सांगू?"

"सांगा, बाप गुडघ्याला बाशिंग बांधून बसला होता," बाई म्हणाल्या. "गावाला लगेच पटेल."

तो हसला नाही. टोपी उचलून तो दारापर्यंत गेला. "मी अडकलो इथं. तुलाही अडकायचंय?"

"तू अडकलास, बाबा. मी राहतेय."

डेल दारातच उभा राहिला. मग परत फिरला आणि पूर्वेकडच्या त्या फाटक्या भोकावरून त्याने अंगठा फिरवला. त्याला ते आठवत होते. मला वाटले, आता हा टाचणी तिथेच खुपसणार. पण तो हळूहळू सरोवराकडे आला आणि त्याने लाल टाचणी पोरीच्या भोकात दाबली. इतकी जोरात दाबली, की ती मला ओलांडून भिंतीच्या लाकडात गेली. पांढरी मात्र त्याने पूर्वेलाच राहू दिली. बाईंनी दोहोंमध्ये सुतळी बांधली आणि बोलणे सुरू झाले. ते बराच वेळ चालले.

नंतर खिडकीतून मला दिसले, डेल बर्फ खरवडायच्या पात्याने मागची काच खरवडत होता. पट्टी काही धड निघेना. शेवटी कैसाने पाते घेतले आणि तो बाजूला उभा राहिला.

मित्रांनो, मला उतरवाल तेव्हा आधी ती लाल टाचणी हलक्या हाताने सैल करा. नुसते ओढलेत, तर तेवढाच तुकडा भिंतीवर राहील. आणि तुम्हीही कधीतरी आईबाप व्हाल. तेव्हा टाचणी आधी मुलांच्या हातात द्या, बाहेर बाकावर जाऊन बसा, आणि खोकू नका.