सात नंबरची काच

माझं फोटो-फ्रेमचं दुकान आहे. काच कापतो, चौकटी ठोकतो आणि उरलेल्या वेळात लोकांच्या खोड्या काढतो. बेकरीवाल्याच्या भिंतीवर ‘येथे थुंकू नये’ लिहिलं होतं, त्यातला ‘न’ मीच खरवडला. बिचारा अजून भिंत धुतोय. अक्षर तर मी कुणाचंही काढून देतो. शाळेत अर्ध्या वर्गाच्या बापांच्या सह्या मीच करायचो, आणि खऱ्या बापांपेक्षा बऱ्या करायचो.

माझी भाची वीस वर्षांची. तीन वर्षांपूर्वी डोंगराची दरड वरच्या गल्लीवर आली तेव्हा ताई आणि दाजी घरात होते, ही क्लासला. तेव्हापासून माझ्याकडे राहते. पोरगी आली ती रडली नाही, वही मागितली. गल्लीतली आठ पोरंपोरी गोळा केली, पथक काढलं, शिट्ट्या वाटल्या, दोर कसा बांधायचा, म्हाताऱ्यांना खुर्चीसकट कसं उचलायचं, सगळं शिकवलं. सरावाला मला जखमी करायची. मी खुर्चीतनं ओरडायचो, “अरे हळू, मेलेला माणूस आहे!” पोरं हसायची, ही नाही. मी तिला हेडमास्तरीण म्हणतो.

आमच्याही गल्लीतल्या घरांना भेगा पडलेल्या. ही गेली ऑफिसात. इंजिनीअर साहेब म्हणाले, “भेगा माझ्याही घराला आहेत. वाढतायत हे दाखवा. तीन ठिकाणी दाखवलंत तर सही करतो. अख्खी गल्ली खालच्या माळावर नव्या घरांत.”

मग हिने काचपट्ट्या काढल्या. भेगेवर आडवी पातळ काच ठेवायची, दोन्ही टोकं सिमेंटने पक्की करायची. भिंत केसाएवढी हलली तरी काच तडकते. बावीस घरं, बावीस पट्ट्या. कापून मी दिल्या. माझ्याच काच कापायच्या हिऱ्याने तिने प्रत्येकीवर नंबर आणि तारीख कोरली. तिचा सात म्हणजे शेपूट उडवलेली पाल. दर रविवारी घरोघरी जाऊन बघायची आणि वहीत लिहायची.

दीड महिन्याने शिंपीणबाई दुकानात आल्या. पदराखाली काहीतरी लपवलेलं.

“भाऊ, तुमच्या भाचीची काच फुटली हो. मी हातसुद्धा लावला नाही. आता ओरडेल ती मला.”

“ओरडेल? सगळ्या गल्लीसमोर उठाबशा काढायला लावेल.”

“अहो, दुसरी बसवून द्या ना गुपचूप. तुम्हाला माझी शपथ.”

आता सांगा, तिथे मी काय करायला हवं होतं ते मला कळत नव्हतं का? कळत होतं. पण हेडमास्तरणीला फसवायची संधी चालून आलेली! नवी पट्टी कापली, पाल काढली, खाली जुनी तारीख कोरली, सिमेंटला चहाचं पाणी फासून म्हातारं केलं. रविवारी ही आली, नखाने टकटक केली, वहीत लिहिलं, ‘सात – शाबूत.’ मी शिंपीणबाईंच्या दारामागे तोंडात रुमाल कोंबून उभा.

मग बेकरीवाला आला, नंबर बारा. “पोराचा चेंडू लागला असेल रे. तिला सांगू नकोस, भाषण देते ती.” मग एकोणीस. मग चार. प्रत्येकाला वाटायचं, आपल्याच हातून फुटली. काच फुटली म्हणजे कुणीतरी फोडली, आपल्याकडे लहानपणापासून हेच शिकलोय ना! प्रत्येकाने मला वेगळी शपथ घातली. पाच महिन्यांत नऊ जण झाले. तडकलेले तुकडे मी बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवले. तिच्या लग्नात सगळ्यांसमोर डबा उघडायचा आणि हसून हसून लोळायचं, असा बेत होता.

एका मंगळवारी ऑफिसचं पत्र आलं. गुरुवारी साहेब येणार, शेवटचा निर्णय देणार. ही वही उघडून जेवायला बसली होती. घास तसाच हातात.

“मामा, पाच महिने झाले. एकही तडकली नाही.”

“मग चांगलंच की.”

“चांगलं कसं? आईच्या भिंतीत कुरकुर व्हायची ना, तशीच इथे होते. मी ऐकलीय. मग काच का तडकत नाही? मी चुकीची बसवली का रे?”

तिचा आवाज बारीक झाला होता. ताई गेली तेव्हाही मी तिचा असा आवाज ऐकला नव्हता. मी उठलो आणि डबा आणून तिच्यापुढे ठेवला. सगळं सांगितलं. मध्ये दोनदा मला हसू आलं, सवयच ती.

तिने तुकडे नंबरप्रमाणे लावले. ओरडली नाही.

“नऊ,” ती म्हणाली. “तीन पुरे होत्या, मामा.”

गुरुवारी साहेब आले. सगळी गल्ली जमली. मी कान पकडून कबूल केलं. साहेबांनी डब्यातला सातचा तुकडा घेतला आणि शिंपीणबाईंच्या भिंतीवरच्या सातशेजारी धरला. बराच वेळ बघितलं. दोन्हीकडे तीच पाल, तीच शेपूट, तीच तारीख.

“भिंतीवरची तुम्ही बनवलीत म्हणता.”

“हो साहेब.”

“इतकी हुबेहूब? मग हे तुकडेच परवा बनवून फोडले नसतील कशावरून? नवीन घरं कुणाला नको असतात!”

“साहेब, शप्पथ सांगतो.”

“ह्याच्या शपथेवर जाऊ नका हो,” बेकरीवाला मागून ओरडला. “माझ्या भिंतीवर अजून लोक थुंकतायत!”

गल्ली खो खो हसली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या गोष्टीला सगळे हसले आणि मला एकट्याला हसू आलं नाही.

साहेब शिंपीणबाईंकडे वळले. “बाई, तुमच्याकडची काच फुटली होती का?”

भाचीने बाईंचा हात धरला. “मावशी, तुम्हाला कुणी बोलणार नाही. फक्त खरं सांगा.”

शिंपीणबाईंनी साहेबांच्या हातातल्या कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पदर सारखा केला. “छे बाई. मी कशाला फोडू?”

बेकरीवाल्यानेही नकाराची मान हलवली. बाकीचे सात चपला बघत उभे राहिले.

साहेबांनी भाचीची वही मागून घेतली, पानं चाळली. “वही मात्र नंबर एक ठेवलीयस हं. पाच महिने, बावीस घरं, कुठेच हालचाल नाही.” आणि तिच्याच वहीवरून कागदावर शेरा मारला, ‘उतार स्थिर.’ जाताना तिच्या खांद्यावर थोपटलं. “पथक चालू ठेव. तुझ्यासारखी पोरं हवीत.”

ती नंतर चारदा ऑफिसात गेली. विषय संपला, असं सांगितलं. पुन्हा पट्ट्या लावते म्हणाली, तर पोरं म्हणाली, “आता कशाला?” शिट्ट्या एकेक करून माझ्या काउंटरवर परत आल्या. बेकरीवाल्याने ‘उतार स्थिर’च्या पत्राची प्रत फ्रेम करायला आणून दिली. केली. काच साधीच लावली.

“आपण दोघं तरी जाऊ या,” मी एकदा म्हटलं.

“कुठे?” ती म्हणाली.

परवा रविवारी दुपारी आम्ही जेवत होतो. स्वयंपाकघरातल्या भेगेवर नंबर एक आहे, तिने सगळ्यात आधी लावलेली, आणि बदललेली नाही. टिक्‌ असा आवाज झाला. बांगडी वाढवताना होतो, तेवढाच. काचेवर तिरपी रेघ उमटलेली.

पूर्वीची असती तर ही उष्ट्या हाताने वहीकडे धावली असती. तिने पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

“लिही की,” मी म्हटलं.

“तूच लिही, मामा. तुझं अक्षर चांगलं आहे.”

मी हात धुतले, वही काढली, तारीख टाकली. माझं स्वतःचं अक्षर कसं होतं ते आठवायला लागलो. आठवेना. पेन टेकवलं तर हाताला तिचंच अक्षर आलं, ‘एक – तडकली.’

तिने बघितलंसुद्धा नाही. भात संपवला आणि ताट उचललं.