डाव्या खांद्यावरचा हात

मी खुर्ची बोलतेय. साधी जेवणाच्या टेबलाची नव्हे हं, फोटोतली. डोंगरावरच्या एका रिसॉर्टच्या गच्चीत, दरीकडे पाठ करून मी उभी असते. कुटुंबाचा फोटो काढायला लोक इथे येतात. त्यांच्यातलं सगळ्यात मोठं माणूस माझ्यावर बसतं आणि बाकीचे माझ्यामागे दाटीवाटीनं उभे राहतात.

खरं तर सुतारानं मला मॅनेजरच्या ऑफिससाठी बनवलं होतं. पण त्याचं माप चुकलं आणि माझी पाठ हातभर उंच झाली. मॅनेजरसाहेब माझ्यात बसले की शाळेतल्या पोरासारखे दिसायचे, त्यामुळे आठवड्याभरात माझी रवानगी गच्चीत झाली. फोटोग्राफरनं मात्र मला बघताक्षणी पसंत केलं. मागे उभ्या राहणाऱ्यांची सुटलेली पोटं माझ्या पाठीआड जातात, असं त्याचं म्हणणं.

तेव्हापासून माणसंच बघतेय. गाडीतून उतरताना एकमेकांवर खेकसणारी मंडळी कॅमेरा दिसला की गळ्यात गळे घालतात. पुरुष श्वास कोंडून उभे राहतात, बायका दर दोन मिनिटांनी केस सारखे करतात. आणि माझ्यावर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला, थंडी वाजतेय का, असं विचारायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही. मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. घटकाभर तोंडदेखलं हसलं तर कुणाचं काय जातं? पण एका कुटुंबानं माझा जीव कासावीस करून टाकला, तेवढं सांगते.

फोटोच्या आदल्या दिवशी एक बाई वही घेऊन आली. चाळिशीची असेल. माझ्यावर टेकली आणि तिनं फोटोग्राफरला सगळं समजावून सांगितलं. तिच्या आईची नजर जात चालली होती. आता तिला माणसं नुसती धूसर दिसत, फार तर दोनेक महिने तेवढं राहील, असं डॉक्टर म्हणाले होते. आईची एकच इच्छा होती, दोन्ही मुलगे आपल्यामागे उभे आहेत असा एक फोटो. तेवढं झालं की मग अंधार झाला तरी चालेल, असं ती म्हणायची.

आणि ते दोघे सहा वर्षं एकमेकांचं तोंड बघत नव्हते. वडील गेले तेव्हा थोरल्यानं मुद्दाम उशिरा कळवलं, म्हणून मला शेवटचं दर्शन झालं नाही, असं धाकट्याचं म्हणणं. दोनदा निरोप पाठवूनही हाच आला नाही, असं थोरल्याचं. खरं कोण बोलत होतं देव जाणे. बहीण दोघांच्या पाया पडून आली होती. थोरला तयार झाला. धाकटा म्हणाला, तो असेल तिथे मी उभा राहणार नाही, तो गेल्यावर येईन.

मग या बाईनं डोकं लढवलं. थोरला सकाळी उभा राहणार, धाकटा दुपारी, आणि फोटोग्राफर दोन्ही फोटो जोडून एक करणार. आईनं बसायचं फक्त सकाळी, म्हणजे दोघे एकदमच मागे उभे आहेत असं तिला वाटेल. सकाळी धाकट्याच्या जागी तिचा नवरा उभा राहील, कारण दोघांची अंगकाठी सारखी. स्वेटरही सारखेच आणले होते, राखाडी. आवाजावरून कळू नये म्हणून आईला सांगायचं, धाकट्याचा घसा बसलाय, डॉक्टरांनी बोलायला बंदी केलीय. सगळं वहीत ओळीनं लिहिलेलं. बिचारीनं एक गोष्ट सोडली नव्हती.

फोटोग्राफर म्हणाला, जमेल, फक्त खुर्ची केसभरही हलता कामा नये. त्यानं माझे चारही पाय जमिनीच्या फळ्यांना स्क्रूनं आवळून टाकले.

दुसऱ्या दिवशी ढग इतके दाटले होते की सकाळ आणि दुपार सारखीच दिसावी. फोटोग्राफर खूश झाला. लेकीनं आईला धरून आणलं. आई अगदी हलकी, पाखरासारखी. बसता बसता विचारलं, "दोघं आलेत ना गं?" लेक म्हणाली, आलेत, तुझ्या मागेच आहेत. घशाचंही सांगून झालं. आईनं मान डोलावली आणि टेकून बसली. तिची पाठ माझ्या पाठीला लागली, तेव्हा तिच्या काळजाचे ठोके मला मोजता येत होते.

थोरल्यानं माझ्या पाठीच्या कडेनं तिच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला. डाव्या खांद्यावर जावयानं. आईनं आपला हात वर नेला आणि डावीकडच्या हातावर ठेवला. बोटांवरून बोटं फिरवली, सावकाश, एकेक करून.

तिची पाठ ताठ झाली. मला वाटलं, आता ही उठणार, रडणार, सगळा बनाव उघडा पडणार. पण तिनं मान किंचित डावीकडे वळवली आणि ओठ न हलवल्यासारखं बोलली. मी ऐकलं आणि जावयानं ऐकलं, तिसऱ्या कुणी नाही.

"जावईबापू, हात राहू द्या. लेकीनं फार खपून जमवलंय."

जावयानं हात हलवला नाही. फोटोग्राफरनं हसायला सांगितलं, तर सगळ्यांत छान तीच हसली.

थोरला जेवायलाही थांबला नाही, डोंगर उतरून गेला. आईला गच्चीच्या टोकाच्या खोलीत झोपवलं. चारच्या सुमाराला धाकटा आला. बहिणीनं त्याला बजावलं, आवाज करू नकोस, आई झोपलीय. तो माझ्यामागे उभा राहिला. फोटोग्राफर म्हणाला, हात जरा वर, खांदा इथे असेल असं समजा. रिकाम्या खुर्चीच्या वर तो हात धरून उभा होता. दोनदा खाली आला, दोनदा त्यानं पुन्हा उचलला. मी कितीतरी खांदे पाहिलेत, पण नसलेल्या खांद्यावर ठेवलेला हात पहिल्यांदाच पाहिला.

फोटो झाला. फोटोग्राफर सामान आवरून खाली गेला. तेव्हा जावयाला राहवेना. त्यानं धाकट्याला बाजूला घेतलं, बाजूला म्हणजे माझ्या मागेच, आणि सांगून टाकलं, "आईंना कळलंय. माझा हात ओळखला त्यांनी."

धाकट्याचा चेहरा उतरला. मग खोलीच्या दारापर्यंत चालत गेला. दार वाजवायला हात उचलला. मी मनात म्हणत होते, वाजव रे बाबा, वाजव एकदाचं. त्याचा हात तसाच राहिला आणि मग खाली आला. परत येऊन बहिणीला एवढंच म्हणाला की कोणत्या तोंडानं तिच्यासमोर जाऊ, झोपू दे तिला. आणि तडक पायऱ्या उतरला. जावई त्याच्या मागे धावला. खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

तेव्हा खोलीचं दार उघडलं.

भिंत चाचपत आई बाहेर आली. लेकीनं धावत जाऊन धरलं, आणून माझ्यावर बसवलं. आईनं विचारलं, "गेला का गं तो?"

आईच पुढे म्हणाली, "पाऊल ओळखलं मी. दार वाजवेल म्हणून आतल्या बाजूला उभी होते."

"मग उघडलं का नाहीस?" लेक कळवळून म्हणाली.

"मी झोपलेय असं तू सांगितलं होतंस ना त्याला. तुला खोटं कसं पाडू?"

लेक खाली बसली आणि आईच्या मांडीत डोकं खुपसून रडली. आई तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. म्हणाली, फोटो चांगला आला असेल, तू काळजी करू नकोस.

फोटो खरंच चांगला आला. खालच्या हॉलमध्ये तो मोठा करून लावलाय म्हणे. फोटोचं ठरवायला येणारे लोक त्याच्याकडे बोट दाखवून म्हणतात, आम्हाला अगदी असाच हवा. फोटोग्राफर सांगतो, दोन फोटो कुठे जोडलेत ते कुणालाच कळत नाही. महिन्याभरानं लेक आपली प्रत न्यायला आली होती. तोवर आईची नजर पूर्ण गेली होती. फोटो घरी आईच्या पलंगासमोर लागणार होता. आल्यागेल्याला ती स्वतः दाखवेल, असं लेक म्हणाली, आणि लगेच तोंड फिरवून पायऱ्या उतरली.

त्यानंतर धाकटा आईला भेटला की नाही, मला माहीत नाही. खुर्चीला कोण कळवणार?

आता माझा रंग उडालाय, एक हात खिळखिळा झालाय. पायांतले स्क्रू गंजून फळ्यांत रुतलेत, काढायचं कुणी मनावर घेत नाही. पुढच्या हंगामात नवी खुर्ची येणार म्हणतात. येऊ दे. तोवर एक विनवणी आहे. तुम्ही ठरवायला याल तेव्हा कपड्यांचे रंग ठरवा, वेळ ठरवा, कोण कुठे उभं राहील तेही ठरवा. पण त्यातलं कुणी, तो गेल्यावर येतो, असं म्हणत असेल, तर आईला इथवर आणू नका. त्याला हाताला धरून तिच्या दारापर्यंत न्या, आणि दार तुम्हीच वाजवा. ती आत उभीच असेल.