देवीचा उरलेला दहीभात

कापडाचे लूम बंद पडल्यावर लोकांनी रिक्षा घेतल्या, चिंधाने उंट घेतला. तेव्हापासून कोसाड वसाहतीतले शेजारी त्याला 'उंटावरचा शहाणा' म्हणत आणि तोही हसून घेई. लाडी नावाची ती सांडणी वरघोड्यात म्हणजे लग्नाच्या वरातीत, वाढदिवसाला मान डोलवत जाई. वसाहतीमागच्या मोकळ्या प्लॉटवर ती व्याली, तेव्हा पिल्लाचं नाव चिंधाने ठेवलं महाराणी. खरं तर नावाचं शहाणपण त्याच्या घरचंच. आधीची दोन मुलं गेली म्हणून आईने त्याला चिंधा म्हटलं होतं, म्हणजे मरणाने फडकं समजून पुढे जावं. पण पिल्लू इतकं देखणं होतं की त्याला राहवलं नाही.

महाराणी आठ महिन्यांची झाली आणि लाडीच्या ओठांवर फोड आले. मग नाकपुड्यांवर, पापण्यांवर. ढोरांचा डॉक्टर आला. अडाणी माणसाला समजावं म्हणून तो सोप्या गुजरातीत म्हणाला, "काका, आने माता नीकळ्या छे. बच्चाने दूर राखजो." देवीसारखा हा रोग एकाचा दुसऱ्याला लागतो, मोठी सांडणी बहुधा निभावते, पिल्लाचं सांगता येत नाही, हेही त्याने बजावलं.

चिंधाच्या बायकोने, शोभाबाईने, नेमका 'माता' हाच शब्द धरला. "डाक्टर बी म्हणस, माता उनी शे," ती नवऱ्याला म्हणाली आणि लिंबाचा पाला आणायला गेली.

चिंधाने दोघांचंही ऐकलं. महाराणीला प्लॉटच्या दुसऱ्या टोकाला, मोजून चाळीस पावलांवर बांधलं. ती आईसाठी हंबरडा फोडायची तेव्हा त्याचा जीव तुटे, पण दावं त्याने सोडलं नाही. इकडे लाडीच्या अंगावरून रोज लिंबाचा पाला फिरत होता. देवी घरात असताना मोठ्याने बोलायचं नाही, म्हणून दोघं नवराबायको आठवडाभर कुजबुजत होती.

नवव्या दिवशी शोभाबाईने देवीला थंड नैवेद्य केला, दहीभात. लाडीने सोललेल्या ओठांनी दोन घास चाटले आणि तोंड फिरवलं.

"परसाद फेकाना नही," शोभाबाई म्हणाली.

प्रसाद कोण फेकतं? आईचा उष्टा घास लेकराला, त्यातही देवीचा. चिंधा ताट घेऊन मोजलेली चाळीस पावलं आनंदाने चालत गेला. महाराणीने ताट चाटून लख्ख केलं.

लाडी बरी होत आली आणि महाराणीच्या ओठांवर फोड आले. मग सगळ्या अंगावर.

डॉक्टर पुन्हा आला. पिल्लू आईजवळ गेलं होतं का? नाही. एकत्र चारा, एकच पाणी? चिंधा खुंटा दाखवत मान हलवत राहिला. मग डॉक्टरने विचारलं, तिचं उष्टं काही? चिंधाची मान थांबली. शोभाबाईने पदर तोंडाला लावला. डॉक्टर रागावला असता तर बरं वाटलं असतं. तो फक्त मलम देऊन गेला. चिंधाला आपले हात तोडून टाकावेसे वाटले.

चौथ्या दिवशी महाराणीने मान टाकली. तो तिच्याजवळ मातीत बसला. करण्यासारखं काही उरलं नव्हतं, तेव्हा त्याला आपल्या आईची ती नावाची युक्ती आठवली. तिच्या कानाशी वाकून तो कुजबुजला, "चिंधे... ए चिंधे, ऊठ ना माय."

तिने कान हलवला नाही. आठ महिने ती महाराणी या एकाच हाकेला मान वर करत आली होती.