चार महिने आधीची विधवा

सरांचं डोकं सहा महिने चक्रावलेलं होतं. चारशे वर्षांपूर्वीच्या युरोपातली एक छापखानेवाली ऑक्टोबर १६१२ पासून प्रत्येक पुस्तकावर स्वतःला विधवा म्हणवत होती. आणि नवऱ्याचं दफन फेब्रुवारी १६१३ चं. जित्याजागत्या नवऱ्याची विधवा!

"पळून गेला असेल हो," बायको वाढता वाढता म्हणाली होती.

त्यावरच सरांनी लेख रचला : नवरा परागंदा झाला, आणि नवऱ्यामागे छापखाना चालवायची मुभा फक्त विधवेला, म्हणून धंदा टिकवायला बाई आधीच विधवा झाली. नऊ वर्षांतला पहिला लेख, स्वीकारलाही गेला. आज संध्याकाळपर्यंत प्रूफं पाठवायची होती. तरी जीव थाऱ्यावर नव्हता. गावात कुणी हूं की चूं करू नये? पाद्र्यानेही?

तशाच मनाने ते तासाला गेले.

"पोरांनो, त्या गावात नवं वर्ष पंचवीस मार्चला लागायचं. म्हणून फेब्रुवारीत कारकून जुनंच साल लिहायचा. आपण काय करायचं?"

"एक मिळवायचा!" वर्ग ओरडला.

"शाब्बास."

मागच्या बाकावरून प्रश्नपेटीचा हात वर आला. या मुलीचं हे नाव सरांनीच ठेवलेलं. "सर, पण मिळवायचा कुणी?"

"जो नोंद वाचेल त्याने."

"आणि आधीच्या माणसाने मिळवून ठेवलेला असला तर?"

वर्गात खसखस पिकली. "अगं, मग काय, दोनदा..." सर म्हणाले आणि खडू हातातच राहिला.

मूळ दफनवही त्यांनी पाहिलीच नव्हती. कुणीतरी उतरवून छापलेली प्रत वापरली होती.

"बसा, आलोच," म्हणत ते ग्रंथालयाकडे सुटले. छापील प्रतीच्या प्रस्तावनेत सातव्या पानावर, तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं : सगळी सालं आजच्या हिशेबाने बदलली आहेत. म्हणजे छापलेलं १६१२ बरोबरच होतं. त्याचं १६१३ सरांनी केलं होतं. आधी प्रस्तावना वाचा, हे पोरांना सांगून सांगून ज्यांचा घसा बसला, त्याच सरांनी.

जिन्यातूनच त्यांनी घरी फोन लावला.

"म्हणजे बिचारा आधीच गेला होता?"

"आठ महिने आधी."

"अन् तुम्ही त्याला वर्षभर जास्त जगवलंत! बाईवर आळ घातलात तो वेगळाच. लेखाचं काय?"

"लेख गेला," सर म्हणाले. हसावं की रडावं, त्यांना समजेना.

वर्गात येऊन त्यांनी सगळं जसंच्या तसं सांगितलं. प्रश्नपेटीचा चेहरा पडला. "सर, मी विचारायला नको होतं का?"

"विचारायलाच हवं होतंस, बाळ. फक्त सहा महिने आधी."

मग टेबलापाशी बसून त्यांनी संपादकांना पत्र लिहायला घेतलं. लेख छापू नये. कारण? दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. शेवटी एकच ओळ उरली : 'नवरा वेळेवर वारला होता.' संपादकांना यातून काय कळणार, कोण जाणे. पण खोटं एक अक्षर नव्हतं. सरांनी पत्र पाठवून दिलं आणि फळा पुसायला उठले.