पाध्यांचं स्वतःचं मत

बडासाहेबांनी दुपारच्या जेवणाला वरच्या मजल्यावर बोलावलंय असा निरोप आला, तेव्हा आपली नोकरी गेली हे दिगंबर पाध्यांनी मनाशी पक्कं करून टाकलं. कलकत्त्याच्या क्लाइव्ह स्ट्रीटवरच्या त्या ज्यूट कंपनीत ते वीसेक वर्षं कायदा-अधिकारी होते आणि तितकीच वर्षं आपल्या टेबलापाशी घरचा डबा खात होते. वर साहेबलोक जेवत. तिथे देशी माणूस दोनच कारणांनी जाई: एक वाढायला, नाहीतर शेवटचा हात मिळवायला.

"अहो, बढतीसुद्धा असेल," दुसऱ्या दिवशी सकाळी मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"बढती द्यायला जेवू कशाला घालतील?"

"मग काढायला तरी कशाला घालतील?"

पाध्यांनी विचार केला. "दोन्ही बाजूंनी बोलता येईल."

"आलं का तुमचं! भेंडी करू की ते बंगाली पोटोल विचारलं तरी दोन्ही बाजू. घर कंपनीचं आहे, तेवढं लक्षात ठेवा म्हणजे झालं."

भवानीपूरचं ते घर पाध्यांच्या लक्षात नव्हतं असा एक क्षणही जात नसे.

खरं सांगायचं तर पाध्यांना मत असं नव्हतंच. कधी गरज पडली नव्हती. कंपनीला शंका आली की पाध्ये ती स्वच्छ अक्षरात मांडत आणि हायकोर्टासमोरच्या सॉलिसिटरांकडे पाठवत. उत्तर आलं की वर 'सोबत जोडले आहे' एवढं लिहून साहेबांपुढे ठेवत. उत्तर चुकलं तर सॉलिसिटर गाढव, बरोबर निघालं तर साहेब शहाणे. मधे पाध्ये पोस्टमनसारखे सुखरूप.

पण स्वराज्य आलं आणि कायद्यांचा पाऊस सुरू झाला. कारखान्यांचा कायदा, कामगार-तंट्यांचा, प्रॉव्हिडंट फंडाचा; आणि छप्पन साली तर अख्खा कंपनी कायदाच नवा. रोज काहीतरी विचारावं लागे, आणि सॉलिसिटर आठवड्याने तोंड उघडत. शेवटी संचालकांनी ठरवलं की यापुढे आपल्याच माणसाला विचारायचं. हा आपला बहुमान आहे असं पाध्यांना दोन दिवस वाटलं. मग आम्लपित्त सुरू झालं.

जेवायला तिघंच होते. बडासाहेब, पाध्ये, आणि बराकपूरकडच्या गिरणीचा लालबुंद मॅनेजर. कोणता चमचा आधी उचलायचा हे पाध्ये मॅनेजरकडे बघून ठरवत होते.

"पाध्ये, गिरणीतल्या दोन नंबरच्या बॉयलरचा दाखला शनिवारी संपतो," बडासाहेब म्हणाले. "तपासणीला बॉयलर थंड करावा लागेल, म्हणजे गिरणी बंद. दुर्गापूजेची सुट्टी पुढ्यातच आहे, तेव्हा बंद होणारच. तोवर चालवला तर?"

"सॉलिसिटरना विचारून मग—"

"त्यांना नको. ते लेखी देतात."

जेवायला का बोलावलं ते पाध्यांना आत्ता कळलं. या टेबलावर मेनूकार्डाखेरीज लेखी काही नव्हतं.

"बॉयलर घोड्यासारखा आहे," मॅनेजर म्हणाला. "मी रोज बघतो."

पाध्यांना मागल्या वर्षीची गिरणीची फेरी आठवली. याच मॅनेजरने त्यांना सगळी यंत्रं हात लावून दाखवली होती. दोन नंबरचा बॉयलर मात्र दारातून, काठीने. आत दोघं बिहारी भट्टीत कोळसा मारत होते, त्यांना काठी नव्हती आणि दारही लांब होतं.

"याला दोन्ही बाजू आहेत—" पाध्यांनी सुरुवात केली.

"एकच सांगा. तुमची."

पाध्यांच्या डोळ्यांपुढे भवानीपूरचं घर आलं, त्यातली ट्रंक आली, ट्रंकेवर बसलेल्या मंदाकिनीबाई आल्या.

"नाही चालवता येणार," कुणीतरी म्हणालं. आवाज पाध्यांचाच होता.

मॅनेजरने काटा खाली ठेवला. बेअररने पाध्यांची अर्धी राहिलेली ताटली उचलून नेली. साहेबांचा हुकूम असणार, असं पाध्यांनी समजून घेतलं.

शनिवारी बॉयलर थांबला. इन्स्पेक्टर आला, आत शिरला, ठोकठोक करून बाहेर आला आणि वर्षाचा नवा दाखला देऊन गेला. बॉयलर ठणठणीत! मॅनेजरने मुद्दाम फोन केला. "घोडा मजेत आहे, पाध्ये. तुमची चौकशी करत होता."

तो फुटला असता तर पाध्ये बरोबर ठरले असते. पण तो फुटू नये म्हणूनच तर ते नाही म्हणाले होते. न फुटलेला बॉयलर पुरावा म्हणून कुणापुढे ठेवणार? घरी गेल्यावर त्यांनी माळ्यावरची ट्रंक काढून पुसून ठेवली. मंदाकिनीबाईंनी त्यात कपडे भरले नाहीत, एवढाच काय तो धीर.

बुधवारी पुन्हा वरून बोलावणं आलं.

"तुमच्यामुळे गिरणी नाहक बंद राहिली," बडासाहेब म्हणाले.

"हो, साहेब."

"पुन्हा विचारलं तर?"

"नाहीच म्हणेन."

साहेबांनी मिठाची बाटली त्यांच्याकडे सरकवली. "मग दर बुधवारी इथेच जेवत जा. मी नाही म्हटलं की सगळे वाद घालतात. तुमच्या नावावर सांगितलं की तुम्हाला शिव्या देतात आणि गप्प बसतात. लंडनच्या ऑफिसलाही मी तुमचंच नाव कळवलंय."

संध्याकाळी मंदाकिनीबाई दारातच उभ्या होत्या. "काय झालं?"

"राहिली नोकरी."

"मग चेहरा असा का?"

"आता ती दर बुधवारी जायची."

मंदाकिनीबाईंनी ट्रंक पायाने भिंतीशी सारली. माळ्यावर काही टाकली नाही. "म्हणजे बुधवारी डबा नको?"

"दे. जवळ असलेला बरा."

"आणि भाजी? भेंडी की पोटोल?"

"भेंडी," पाध्ये म्हणाले, आणि स्वतःच दचकले.